बेडूक डोंगर चढलेच नव्हते

६ जुलै

देवेश सर,

'सप्रेम नमस्कार' लिहायला हात वळत नाही, तेव्हा तो राहू द्या. व्हॉट्सॲपवर तुम्ही मला ब्लॉक केलंय की जर्मनीला जाताना नंबरच टाकून दिलात, ते मला माहीत नाही. हा ईमेलचा पत्ता तुमच्या लेखाखाली छापलेला मिळाला. लेखाबद्दल अभिनंदन. तो छापून आल्याचं मला तुमच्याकडून नाही, ग्रामपंचायतीत पंख्याखाली बसल्यावर कळलं.

आमच्या गावामागे डोंगराच्या पायथ्याशी एक कंपनी बंगले बांधणार आहे. 'निसर्गाच्या कुशीत दुसरं घर'. त्या बंगल्यांचा रस्ता आपल्या खालच्या कातळावरून जातोय. झऱ्याचं पाणी पाइपात घालायचं आणि कातळावर भराव टाकायचा, असं ठरलंय. कंपनीने नेमलेल्या अपेक्षा मॅडम परवा पडद्यावर अहवाल दाखवत होत्या. त्यात एक पान बेडकांचं होतं. तुमचं नाव, आमच्या गावाचं नाव, आणि डोंगराच्या चित्रावर खालून वर जाणारा एक लाल बाण. 'वाढत्या तापमानाशी जुळवून घेताना येथील कातळबेडूक सहा वर्षांत सरासरी एकशे दहा मीटर वर सरकले आहेत. त्यामुळे खालच्या जागेस आता विशेष महत्त्व उरलेले नाही.' पहिलं वाक्य तुमचं. दुसरं त्यांचं, पण ते तुमच्या वाक्याच्या पोटातूनच निघालंय.

सरपंच हसून म्हणाले, "म्हंजे बेडकांनी आदीच बिऱ्हाड हलवलं. मंग आपलं काय आडलंय?"

सगळे हसले. मीही तिथेच होते, पण मला हसू आलं नाही.

तुम्हाला हा कातळ आठवत नसेल म्हणून सांगते. सहा पावसाळे मी तुमच्यासाठी दर आठवड्याला दोन ठिकाणी बेडूकमासे मोजले. खालचा कातळ झऱ्याला लागून, गावापासून दहा मिनिटांवर. वरचा कातळ ठाकरवाडीच्याही वर, दोन तासांच्या चढावर. ह्या बेडकाची पिल्लं डबक्यात पोहत नाहीत. उभ्या कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा झिरपतो, त्याला चिकटून वाढतात. पापुद्रा वाळला की पिल्लं संपली. हे मी तुम्हाला शिकवावं असं नाही, पण लेखात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय, म्हणून आठवण.

तुम्ही पावसाळ्यात तीनदा यायचात. गाडी झऱ्यापाशी लावायचात, चिखल नको म्हणून मला गोणपाट पसरायला सांगायचात, त्यावर उभं राहून फोटो काढायचात. वर एकदाही आला नाहीत. गुडघा दुखायचा. त्याच गुडघ्याने बर्फाच्या डोंगरावर काढलेले तुमचे फोटो मी पाहिलेत, छान आलेत.

पंचायतीला एक पत्र लिहा. लेखाचा अर्थ असा होत नाही, खालचा कातळ राखला पाहिजे, एवढंच. 'नेरळचा मुलगा जर्मनीत' असं तुमच्या फोटोखाली छापून आलं होतं. नेरळच्या मुलाला इतकं जमायला हरकत नसावी.

हर्षला


२० जुलै

देवेश सर,

चौदा दिवसांनी तुमचं उत्तर आलं. 'हर्षला, पत्र वाचून छान वाटलं. आकडे स्वतःच बोलतात. ते तू गोळा केलेस, याचा तुला अभिमान वाटायला हवा. स्थानिक राजकारणात मी पडत नाही.'

पत्र वाचून छान वाटलं म्हणता, म्हणजे वाचलं नाहीत.

आणि अभिमान कसा वाटावा? लेखाच्या शेवटी आभार आहेत. तुमच्या गाइडचे, पैसे देणाऱ्या संस्थेचे, बायकोचे, आणि 'स्थानिक मदतनीसाचे'. त्या मदतनीसाला नाव नाही. बेडकाला मात्र लॅटिन नाव आहे.

मी आता खोपोलीत एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. रविवारी सुट्टी होती, तेव्हा वर गेले. पाऊस चांगला होता, कातळ पाझरत होता. आपल्या एक मीटरच्या चौकटीत एकसष्ट बेडूकमासे मिळाले. चौकटीबाहेर तर किती तरी. कातळाच्या कडेला शेवाळ इतकं जुनं आहे की नख रुतत नाही. सहा वर्षांपूर्वी सामान घेऊन राहायला आलेल्यांची ही वस्ती दिसत नव्हती.

ठाकरवाडीतला शुक्रा तिथे गुरं घेऊन आला होता. त्याला विचारलं, "दादा, ही बेडकं इथे कधीपासून आहेत?"

"मी पोर व्हतो तवापासून हायत," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. "तू गं कवापासून याया लागलीस? पैल्या सालांत तर तू दिसली नाय."

मी बाटली काढून पाणी प्यायले, आणि मग खाली उतरले.

पंचायतीला पत्र कधी पाठवताय? ग्रामसभा ऑगस्टअखेर आहे.

हर्षला


१४ ऑगस्ट

देवेश सर,

सतरा दिवस झाले, पाऊस नाही. भात पिवळं पडायला लागलंय. पाऊस कमी पडतो असं नाही हो, पडतो तेव्हा चार दिवसांत सगळा पडतो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही. तुमच्या लेखात वर्षाची सरासरी काढलीय. सरासरी अगदी उत्तम आहे. बेडूकमाशांना ती कळवली पाहिजे.

काल पुन्हा वर गेले. वरचा कातळ कोरडा ठणठणीत. दुपारी बाराला त्याचं तापमान एकोणचाळीस भरलं. बेडूकमासे जागच्या जागी वाळलेले होते, गाळणीत चहाची पूड राहते तसे. बोटाने पुसले तर निघून येत होते. एकही जिवंत नव्हता. 'वर सरकून बचावलेले' म्हणून तुम्ही जगाला दाखवलेत ते हे.

उतरताना खालच्या कातळाशी थांबले. झरा बारीक झालाय, पण वाहतोय. कातळाच्या उन्हातल्या तोंडावर फारसं काही नव्हतं, तुमच्या चौकटीत चारच. मग मी पर्समधला आरसा काढून कपारीत धरला. आत ओल होती, आणि भिंतभर बेडूकमासे. मोजता येतील तेवढे एकशे बारा मोजले. कपारीत तापमान पंचवीस.

कळलं का सर? दर वर्षी खालचा आकडा घटत गेला, कारण ते उन्हाकडून आत जात होते आणि तुमची चौकट कातळाच्या तोंडावरच लावायची असा तुमचा नियम होता. ऊन वाढलं तसे ते डोंगर चढले नाहीत, हातभर आत सरकले. बेडकाची झेप तेवढीच. आणि पाऊस दडी मारतो तेव्हा ह्या अख्ख्या डोंगरावर त्यांना ही एक कपार उरते. तीच भरावाखाली जाणार आहे.

आता दुसरी गोष्ट. ती मी दोन पत्रं टाळली.

पहिल्या दोन पावसाळ्यांत वरच्या कातळाचा आकडा शून्य आहे. तिसऱ्या वर्षी एकेचाळीस, पुढे सत्तेचाळीस, बावन्न, अठ्ठावन्न. तुमचा लाल बाण त्या शून्यांतून निघतो. ती शून्यं खोटी आहेत. मी ती दोन वर्षं वर गेलेच नाही.

साजगावला एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. घरी सांगायचे की डोंगरावर चाललेय, आणि तुम्हालाही कारखान्याबद्दल सांगितलं नव्हतं. सकाळी पाळीला जाण्याआधी खालचा कातळ व्हायचा. वर जायला दिवस लागतो, तो नव्हता. पहिल्या आठवड्यात वाटलं, पुढच्या रविवारी जाऊन भरून काढू. चौथ्या आठवड्यापासून काही वाटेनासं झालं. अंदाजाने आकडे टाकायची भीती वाटली, शून्य टाकायची वाटली नाही. शून्य लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. किती स्वस्तात मी स्वतःला फसवलं.

पॅकिंगचं काम सुटल्यावर तिसऱ्या वर्षी वर गेले आणि कातळ भरलेला पाहिला. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही तो आकडा पाहून फोनवर ओरडलात, "हर्षला, हे फार मोठं आहे!" तुम्ही मला आयुष्यात पहिल्यांदाच नावाने हाक मारलीत. मी गप्प बसले.

ज्या बाईला दोन वर्षं वर चढायचा आळस आला, ती तुम्हाला न चढलेल्या डोंगराबद्दल बोलतेय, हे मला दिसतं. पण माझी लाज माझ्यापाशी. लेख मागे घ्या.

हर्षला


२३ ऑगस्ट

देवेश सर,

पत्राला उत्तर न देता तुम्ही फोन केलात. लेखी काही राहू नये म्हणून असेल. म्हणून आपलं बोलणं मी इथे लिहून ठेवते आणि तुम्हालाच पाठवते.

पहिला प्रश्न तुम्ही विचारलात, "हे अजून कुणाला सांगितलंस?"

वरचे बेडूकमासे मेले, त्यावर एक शब्द नाही.

"अजून नाही," मी म्हटलं.

"मग सांगू नकोस. माझी इथली नेमणूक डिसेंबरात कायम होईल. त्यानंतर मी एक दुरुस्ती पाठवतो. निरीक्षण-पद्धतीतला फरक, असं काहीतरी म्हणता येईल."

"डिसेंबरपर्यंत कातळ राहणार नाही."

"हर्षला, प्रॅक्टिकल विचार कर. एका कातळाने काय होणार आहे? आणि तुझंही नाव खराब होईल."

"माझं नाव लेखात नाहीच आहे, सर."

मग तुम्ही अगदी मायेने म्हणालात, "हे बघ, मला तेव्हाच शंका आली होती. दोन वर्षं सलग इतकं स्वच्छ शून्य निसर्गात मिळत नाही. वरच्या तक्त्यांवर चिखलाचा डागसुद्धा नव्हता. मी तुला सांभाळून घेतलं."

सर, गेले चार दिवस मी हे वाक्य घोळवतेय. वर्गात फळ्यावर लिहिताना, भाकरी थापताना. मी दमून खोटं लिहिलं. ते खोटं आहे हे तुम्ही जागच्या जागी ओळखलंत. मला एकदा विचारलं असतंत तर मी त्याच दिवशी कबूल केलं असतं, चोवीस वर्षांची होते, रडून मोकळी झाले असते. तुम्ही विचारलं नाहीत, कारण शून्य तुम्हाला हवं होतं. त्याच्यावर तुम्ही जर्मनीपर्यंत गेलात. आणि याला तुम्ही सांभाळून घेणं म्हणता.

तुमच्याबद्दल मला राग होता. आता तोही राहिलेला नाही. गटारावरून जाताना आपण रागावतो का, पदर सावरून पुढे जातो.

तुमच्या मासिकाच्या संपादकांना मी काल रात्री सगळं लिहून पाठवलं. इंग्रजी मोडकंतोडकं आहे, पण तक्ते जोडलेत. ग्रामसभा एकोणतीसला आहे.

हर्षला


१ सप्टेंबर

देवेश सर,

तुम्ही विचारलेलं नाही, तरी काय झालं ते सांगते. तुमच्या लेखाचं पुढे काय होतं हे तुम्हाला कळायला पाहिजे.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी बाबांना शेताच्या बांधावर गाठलं. बाबा म्हणजे सहदेव भोईर, तुम्ही त्यांच्या घरी सहा वर्षं तांदळाच्या भाकरी खाल्ल्यात. कंपनीच्या रस्त्यात आमची वरकस जमीन जाते. डोंगराच्या उतारावरचा तुकडा, पिकत काही नाही, पण त्याच्या पैशांत माझा धाकटा भाऊ ओमकार शेलूला फ्लॅट घेणार होता. तो आणि त्याची बायको रूपाली तिथे भाड्याच्या एका खोलीत राहतात, आणि तिला सहावा महिना लागलाय. हे सगळं माहीत असून मी बाबांना शून्यांचं सांगितलं.

बाबांनी विळा बाजूला ठेवला. "तू खोटं लिवलंस?"

"हो."

"दोन सालं?"

"हो."

"आनि मला सांगायचीस, डोंगरावर चाललेय म्हनून. आय तुजी डबा बांधून द्यायची." त्यांनी एक पिवळं पडलेलं रोप उपटून बांधावर टाकलं. मग म्हणाले, "सांगायचं त सबंद सांग. निम्मं झाकू नको. आनि सांगून आल्यावर घरात रडत बसू नको, मला ते बगवनार नाय."

ओमकारला कळल्यावर तो शेलूहून आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. "ताई, खोटं बोललीस तेव्हा तुझं पोट भरलं. आता खरं बोलणार आणि माझं घर बुडवणार. दोन्ही वेळा मज्जा तुझीच."

त्याचं चूक नव्हतं.

सभेत मी उभी राहिले आणि सबंध सांगितलं. कारखाना, शून्यं, तिसरं वर्ष, तुमचा फोन. वरच्या कातळाचे आणि कपारीचे आकडे सांगितले. मागून कुणीतरी बेडकाचा आवाज काढला. अपेक्षा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत आणि आता खरं बोलताय, हे आम्ही कशावरून मानायचं?"

"मानू नका," मी म्हटलं. "खालचा कातळ दहा मिनिटांवर आहे. माझ्याबरोबर चला, आरसा देते."

कुणी उठलं नाही. अपेक्षा मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांच्या पायात पांढरे बूट होते. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात खालच्या आळीतली कोंडी उठली. सत्तरीची बाई, सभेत आजवर तोंड उघडलेलं नाही. "बेडकाचं ऱ्हाऊ दे गं बाय," ती मला म्हणाली आणि पडद्याकडे वळली. "ही म्हनते, सगला डोंगर सुकला तरी त्यो झरा वल्ला हाय. ते खरं हाय. मे म्हयन्यात टाकी सुकली का आमी सगल्याजनी तिथंच भरतो. त्यो तुमी पायपात घालनार. मंग आमी काय पायप चाटायचा?"

बायका आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. एकीने हात वर केला, मग दुसरीने. पंधरा मिनिटांत रस्त्याचा ठराव फेटाळला गेला. सरपंचांनी इतिवृत्तात लिहिलं, 'पिण्याच्या पाण्याचा प्रश्न'. बेडकांचा उल्लेख नाही, तुमचा नाही, माझाही नाही.

म्हणजे तुमचं शास्त्र आणि माझी कबुली दोन्ही बाजूला राहिली, आणि कोंडीच्या हंड्याने काम केलं. मी घरी आले. रडले नाही. आईने जेवायला वाढलं, बाबा पाठमोरे बसून जेवले.

हर्षला


२० नोव्हेंबर

देवेश सर,

तुमचं लांबलचक पत्र मिळालं. तुम्ही मला लिहिलेलं हे पहिलंच खरं पत्र. मासिकाने लेख मागे घेतला, नेमणूक कायम होणार नाही, बायको बोलत नाही. 'तू मला संपवलंस, निदान माफी तरी माग,' असं शेवटी लिहिलंत.

तुमच्या पत्रात सातशे शब्द असतील. 'बेडूक' हा शब्द मी शोधला, एकदाही नाही.

इकडची खबर अशी. कंपनीने रस्ता डोंगराच्या पलीकडच्या अंगाने वळवलाय. आमची वरकस त्यात येत नाही. अपेक्षा मॅडमच्या नव्या अहवालात म्हणे एक ओळ आहे, 'या परिसरातील बेडकांविषयी विश्वसनीय नोंद उपलब्ध नाही.' आपण दोघांनी मिळून सहा वर्षांत हे कमावलं. पलीकडे कुठे ओला कातळ आहे का, ते कुणी पाहिलेलं नाही. तिथे रस्ता जाईल आणि काय मेलं हे कुणाला कळणारही नाही. शुक्रा म्हणतो, एक कातळ आहे. मी अजून पाहिलेला नाही, म्हणून आहे असं लिहीत नाही.

भाऊबीजेला ओमकार आला नाही. मी ताट घेऊन शेलूला गेले. दार त्यानेच उघडलं.

"बेडकांना ओवाळून झालं का?" तो म्हणाला.

रूपालीने आतून पाट आणून मांडला आणि त्याला म्हणाली, "बसा गुपचूप." तिला आता चालवत नव्हतं, भिंतीला धरून उभी होती. तो बसला. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण ताटातला करंजीचा तुकडा उचलून तोंडात टाकला. निघताना कपड्यांची दोरी, पलंग, गॅस, सगळं त्या एका खोलीत दाटलेलं दिसलं. पाळणा कुठे टांगणार, ते मी विचारू शकले नाही.

त्याने मला तोंडावर सुनावलं आणि तरी पाटावर बसला. त्याची मी माफी मागितलीय, बाबांची मागितलीय, ग्रामसभेची मागितलीय. शाळेतही हेडमास्तरांना सांगितलं, कारण मुलांना प्रयोगवहीत खरं लिहा म्हणून मीच ओरडते. तुमची मागायची का, यावर दोन दिवस प्रामाणिकपणे विचार केला. मला काही सापडलं नाही.

आता कामाचं. तुमच्याकडे सहा वर्षांचे खालच्या कातळाचे फोटो आहेत, मूळचे, तारखेसकट. गोणपाटावर उभे राहून काढलेत, पण त्यात खोटं काही नाही. कातळाच्या तोंडावरून बेडूकमासे कपारीकडे कसे सरकत गेले, ते त्यांत दिसेल. त्यासाठी दुसरा पुरावा जगात कुठे नाही. ते सगळे मला पाठवा. फोटो कुणी काढले ते मी लिहीन. तुमचं नाव, पूर्ण.

पाठवलेत तर बरं होईल. नाही पाठवलेत तर जूनमध्ये मी नव्याने सुरुवात करीन आणि आपले दोघांचे मिळून सहा पावसाळे फुकट गेले असं समजेन.

हर्षला सहदेव भोईर